रुमालातला हरभरा आणि संग्रामपूरचं नेट

ही पोस्ट लिहायला मी दोन महिने लावले. कारण आळस. मधे दोन सहली झाल्या, मोबाईल फुटला, असं बरंच काही.

निघालो होतो अंबाबरव्याचं जंगल बघायला. नाशिकहून रेल्वेने शेगाव, तिथे गरम कचोरी (एकीवर थांबता येत नाही, पैसे त्या हिशेबाने ठेवा), मग एसटीने संग्रामपूर. दोन्हीकडे कपाशी, समोर सातपुड्याची निळी रेघ. जंगलाचं बुकिंग करायला म्हणून प्रमोदभाऊंच्या ऑनलाइन सेंटरमध्ये शिरलो आणि तिथेच अडकलो.

शीतल नावाची मुलगी नर्सिंग प्रवेशाची कागदपत्रं चढवत होती. पसंतीच्या यादीत पहिलं कॉलेज नाशिकचं. साइट पाचला बंद होणार होती, घड्याळात सव्वाचार. फाइल अर्ध्यात आली की थिजायची. तिचे वडील दारातच उभे.

"नाही होत तं राहू दे. इतक्या दूर काऊन जायचं?"

शीतलने फाइल पुन्हा चढवायला लावली. प्रमोदभाऊ नेटच्या कंपनीला शिव्या घालत होते. तेवढ्यात त्यांनी बोलावलेले सलीमभाई आले. कूलर, मोटार, नेट, सगळं दुरुस्त करणारा माणूस. त्यांनी राउटर बाजूला ठेवून स्वतःचा लॅपटॉप थेट बाहेरून आलेल्या वायरला जोडला, तर नेट सुसाट.

"लाइनले काऊन बदनाम करता भाऊ? लोच्या तुमच्या डब्यात आहे."

मग ते राउटरमधून लहान-मोठी पाकिटं, म्हणजे डेटाचे तुकडे, पाठवून बघायला लागले. पाचशे बाइटचं गेलं, सहाशेचं अडलं. "पाकिटाचं माप कोनं इतकं बारीक केलं?"

प्रमोदभाऊ ओशाळले. पूर्वी नेट टॉवरवरून हवेतून यायचं, मोठी पाकिटं गळायची, म्हणून त्यांनीच माप लहान केलं होतं. फायबर आली, राउटर बदलला, पण वहीतली जुनी सेटिंग त्यांनी श्रद्धेने नव्यात उतरवली. "चालू होतं ना, काऊन हात लावू?"

सलीमभाई म्हणाले, "प्रत्येक पाकिटावर नाव-पत्ता लागते. माल थोडा, चिठ्ठ्याच जास्त."

दारातून वडील पहिल्यांदाच हसले. "म्हंजे पोतं असून रुमालात हरभरा नेऊन राह्यले तुमी. अन् हरेक रुमालाची गेटवर पावती."

"हाव, बराबर. माप मोठं केलं, पन डबा बंद करून चालू करा लागन. पोरी, साइट बाहेर काढन, भरलेलं सारं जाईन."

पंचवीस मिनिटं उरलेली. शीतल म्हणाली, "करा काका."

तिने सगळा फॉर्म पुन्हा भरला. पाचला सात मिनिटं असताना पावती निघाली. वडिलांनी ती घडी घालून खिशात ठेवली आणि मला चहा पाजला. मी नाशिकचा म्हटल्यावर पत्ता मागून घेतला. मी दिला, असे पत्ते काय, लोक घेतात.

बुकिंग राहूनच गेलं, जंगल बघितलंच नाही. तरी सहल आठवली की मला सलीमभाईंचं ते एकेक पाकीट पाठवणं दिसतं. शिव्या नाहीत, घाई नाही, फक्त मोजून बघणं. मला आयुष्यात ते जमलेलं नाही.

इथपर्यंत टाइप केलं आणि आईने हाक मारली. दारात शीतलचे वडील, खांद्यावर पत्र्याची पेटी, मागे शीतल.

"कालेजचा रस्ता तुमाले ठाऊक असन," ते म्हणाले. "चाला, पोरीले सोडून येऊ."