पतंगाच्या कागदाची पट्टी

बाळाराम नानांना मी फसवलं. तेही त्यांच्याच कामात.

मी मूळचा खडवलीचा. भंगाराच्या धंद्यातून वर आलो आणि होड्यांच्या जुन्या मोटरी घेऊन, दुरुस्त करून विकू लागलो. मोटरीत ठिणगी नेमक्या क्षणी पडावी लागते. ते टायमिंग लावायला खाडीवर नानांसारखा माणूस नव्हता. त्यांच्या कानामागे पतंगाच्या कागदाची पट्टी खोचलेली असायची. ती पॉइंटमध्ये, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या दोन टोकांच्या फटीत धरायची आणि मोटरीचं वरचं जड चाक हाताने केसभर केसभर फिरवायचं. पॉइंट उघडले की पट्टी सैल होऊन हातात यायची. तीच ठिणगीची वेळ. चाकावरच्या खुणेशी ती जुळेपर्यंत नाना उठत नसत.

मी घाई करायचो. "नाना, आटपा हो, गिऱ्हाईक उभं आहे."

"घाई तुना हाय, मसीनला नाय," ते म्हणायचे. "घासाघीस बाजारान कर. कागुद तुजा आयकत नाय."

दिवा गावच्या सुरेशला मी एक मोटर विकायला काढली. चाक दांड्यावर घट्ट धरून ठेवणारी लोखंडी चावी झिजली होती. नानांनी ती काढून माझ्या हातावर ठेवली. "नवी आन. मंग बसू."

नवी चावी मिळायला दोन दिवस लागणार होते, आणि सुरेश दुसरीकडे मोटर बघत होता. मी घरी एक खिळा कापला, कानशीने घासला, चावीच्या जागी ठोकला आणि वर चाक बसवून मोटर नानांकडे नेली.

"चावी नवी का रं?"

"नवी, नाना."

त्यांनी चाक उचलून पाहिलं नाही. अर्धा दिवस बसून टायमिंग लावलं.

सुरेशने मोटर नेऊन होडीला लावली. तिसऱ्या दिवशी ऐन ओहोटीत खिळा तुटला. चाक सरकलं, ठिणगी भलत्याच वेळी पडू लागली, मोटर बंद. होडी वाहत जाऊन पुलाच्या खांबावर आदळली. होडीत बसलेल्या सुरेशच्या बायकोचं मनगट मोडलं.

बंदरावर माणसं जमली. कोणी काही विचारायच्या आत मीच ओरडलो, "टायमिंग कोणी लावलं? विचारा म्हाताऱ्याला! डोळ्यांना दिसत नाही, तरी मोटरी घेतो!"

नानांनी सगळ्यांसमोर चाक काढलं. खिळ्याचे दोन तुकडे तळहातावर घेतले, माझ्याकडे पाहिलं आणि मूठ मिटली.

"चुकी माजी," ते म्हणाले. "उघरून बगाया पायजे होता."

मला वाचवायला ते बोलले नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मान खाली घालायची सोडून मी तिथे उभा राहून ते ऐकलं, आणि वर म्हणालो, "बघा, कबूल केलं."

त्यानंतर त्यांच्याकडे एकही मोटर आली नाही. ते रोज बंदरावर येऊन बसायचे. कुणाची मोटर अडखळत गेली की मान वर करायचे. बोलवत कोणी नसे. गेल्या वर्षी ते गेले. तोवर मी तोंड उघडलं नाही.

आता उघडलंय. सुरेशच्या दारात जाऊन सांगून आलो. त्याच्या बायकोने पाणीसुद्धा विचारलं नाही, बरोबर केलं.

पण बंदरावरच्या तुम्हा सगळ्यांना माझा सवाल आहे. तुमच्या बापांच्या मोटरी त्या माणसाने लावल्या. मी कसा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी एकानेही त्यांना म्हटलं नाही, "नाना, मूठ उघडा." का नाही म्हटलं? माझा गुन्हा मी सांगितला. तुमचं तुम्ही बोला.