कापडामागचा वेल

कामथडीच्या पारूबाई हायवेवरच्या हॉटेलात दिवसाला दोनशे भाकऱ्या थापतात आणि उरल्या वेळात आपल्या परसातल्या झाडांचे फोटो काढतात. दुसरी गोष्ट ऐकून लोकांचे डोळे विस्फारतात. पहिलीचं कुणाला काही वाटत नाही!

मोबाईल भाचीने टाकून दिलेला, काच तडकलेली. जवळून फोटो नीट येईना, म्हणून पारूबाईंनी नवऱ्याच्या जुन्या चष्म्याची एक काच काढून मोबाईलच्या डोळ्यावर चिकटपट्टीने डकवली. सावलीत उजेड पाडायला जेवायचं स्टीलचं ताट. आणि मागचा उकिरडा फोटोत येऊ नये म्हणून फाटक्या छत्रीचं काळं कापड. ते धरून उभं राहायचं काम नवऱ्याचं, हैबतीरावांचं. माणूस उंच, मुलखाचा अबोल. कापडाच्या वर नुसती टोपी दिसायची.

"अवं, हात वर! टोपी न्हाई, कापड वर!"

सगळ्यांत जास्त फोटो करटुल्याच्या वेलाचे. गुंजवणीच्या धरणात माहेरचं शेत गेलं, त्या साली आईने बांधावरचे गड्डे उकरून, ओल्या फडक्यात बांधून लेकीला दिले होते. तेव्हापासून या घरात गौरी त्याच करटुल्यांची भाजी जेवतात. माहेरवाशिणीच्या पानात माहेरचं नको का? बाजारची करटुली पारूबाईंना चालत नाहीत.

गड्ड्यांबरोबर आईने एक शिकवणही दिली होती. जो वेल नुसता फुलतो आणि फळ धरत नाही तो वांझ. उगाच जागा अडवतो, उपटून टाकायचा. पारूबाईंनी हे इमानाने केलं. असा वेल दिसला की गौरी उठल्यावर त्याची पाळी. असं करत करत गेल्या वर्षी दोनच उरले होते. त्यातला एक फळला नाही, तोही त्यांनी उपटला.

यंदा उरलेला वेल फुलला, आणि रोजची फुलं देठापासून गळत राहिली. एकूण एक. गौरी सोळा दिवसांवर आलेल्या. राख टाकून झाली, ताक शिंपडून झालं, देवीला नारळ बोलून झाला. शेवटी पारूबाईंनी गळायला आलेल्या एका फुलाचा अगदी जवळून फोटो काढला. रविवारी भाची प्रेरणा भोरहून आली. ती तिथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. तिच्या हातात त्यांनी मोबाईल दिला.

"कसला रोग पडलाय बघ गं."

प्रेरणाने फोटो मोठा केला. "रोग नाही, आत्या. फुलामागं ही काटेरी गाठ दिसती का? तेच करटुलं. हा मादी वेल आहे. नर कुठाय?"

"कोण?"

"नर वेल. करटुल्यात नर वेगळा असतो, मादी वेगळी. गेल्या वर्षीचे फोटो आहेत?"

होते. पारूबाई एकही फोटो पुसत नाहीत. प्रेरणाने शोधून काढला. त्यातलं फूल तसंच पिवळं, तितकंच टवटवीत. पण मागे गाठ नाही, नुसता देठ. हा तोच वेल. फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी पारूबाईंनी तो गड्ड्यासकट उपटला. स्वतःच्या हाताने.

"ह्यो... वांझ न्हवता?"

"याच्याच जिवावर दुसरा फळत होता."

पारूबाई ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "माजी आई खोटं सांगल व्हय गं?"

"आजी खोटं नाही बोलली. तिच्या बांधापलीकडं सगळं रान होतं. एक नर उपटला तरी दहा पलीकडं असायचे. तुझ्या परसात कुठनं येणार?"

त्या रानातलं अर्धं आता पाण्याखाली. पारूबाई आपल्या हातांकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत किती उपटले असतील? मोजायचंही धाडस होईना.

"तो गड्डा टाकला कुठं?"

"टाकला कुटंतरी. काय ठाऊक!"

प्रेरणा बोटाने फोटो सरकवत होती. एके ठिकाणी थांबली. भोपळ्याच्या फुलाचा फोटो, पार बिघडलेला. हैबतीरावांचा हात अवघडून खाली आलेला, कापड एका बाजूने ढळलेलं. त्या दिवशी पारूबाईंनी त्यांचा यथेच्छ उद्धार केला होता. ढळलेल्या कापडाच्या वर उकिरडा, कडेला एरंड, आणि एरंडावर चढलेली पिवळी फुलं.

"आत्या, हे काय आहे?"

पारूबाईंनी हाक मारली. हैबतीराव आले, चष्मा नव्हता म्हणून मोबाईल लांब धरून बघितला. "करटुलं न्हवं का त्ये. आखाडापासनं बघतुय. लई फुलतंय."

"आन् बोलला न्हाई?"

"रोज कापडामागं म्याच आसतो की. तू म्हनतीस, हात वर. बोला आसं म्हनलीस का कदी?"

पारूबाई त्यांच्या मागोमाग उकिरड्याकडे निघाल्या. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पहिल्यांदा त्या मागे होत्या.

दिवेलागणीला दोन्ही वेलांवर नवी फुलं उमलली. उकिरड्यावरच्या वेलाचं, मागे गाठ नसलेलं एक फूल प्रेरणाने तोडलं, पाकळ्या मागे मुडपल्या आणि मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवलं. "हे काम किडे करतात, पण उकिरड्यावरनं इथवर येत नाहीत."

"यवडंच?"

"एवढंच."

"यवडंच हुतं?" पारूबाईंनी पुन्हा विचारलं. मग तिच्या हातातून फूल घेतलं आणि उरलेल्या सगळ्या फुलांना स्वतः टेकवलं.

चौथ्या दिवशी सकाळी त्या परसात गेल्या. पाकळ्या सुकून काळ्या पडल्या होत्या. गाठ गळली नव्हती. चांगली शेंगदाण्याएवढी झाली होती, हिरवीगार. शेजारची तशीच. त्याच्या पलीकडचीही. गौरीला बारा दिवस होते. पारूबाईंनी धावत जाऊन मोबाईल आणला. हैबतीराव न सांगता मागे जाऊन कापड धरून उभे राहिले.

"टाका त्ये खाली," पारूबाई म्हणाल्या. "दिसू द्या उकिरडा."