शेवटच्यानं फांदी लावायची

मी पाचवीतून शाळा सोडली आणि एकोणिसाव्या वर्षी वर्धा जिल्ह्यात आलो. मधली वर्षं गावोगाव गेली, जिथं कामावर घेतील तिथं. आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरातलं. तिथून रोहणा या बाजाराच्या गावी यायला तेव्हा दोन दिवस लागत. रोहण्याजवळच्या एका खेड्यात भाजीपाला पिकवणाऱ्या एका घरानं मला सालानं ठेवून घेतलं. म्हणजे वर्षभर त्यांच्याच शेतात राबायचं, जेवण त्यांच्याच घरी आणि झोपायला शेतातली झोपडी, फवारणीच्या पंपाशेजारी. मालकांना मी काकाजी म्हणायचो आणि मालकिणीला काकू. त्यांनी मला एक दिवस उपाशी ठेवलं नाही. तरी आज काहीतरी चुकेल आणि उद्या जायला सांगतील, ही भीती कधी गेली नाही. परक्या मुलखात माणूस उपकाराखाली असला की ताटातली भाकरीसुद्धा जपून मोडतो.

पहिल्याच दिवशी काकूंनी मला शेताची फट दाखवली. तिकडं शेतांना बाभळीच्या काट्यांचं कुंपण. पायवाट जिथून जाते तिथं माणूस जाईल एवढी फट ठेवलेली असते आणि त्या फटीत एक मोठी काटेरी फांदी आडवी लावलेली असते. ती बाजूला करायची, पलीकडं जायचं, परत लावायची.

"फांदी लावल्याबिगर पुढं पाय टाकू नोको," काकू म्हणाल्या. "चार गाई घुसल्या की सारी मेथी साफ. मंग काय खाशील, काटे?"

मी मान डोलावली. ते वाक्य मी असं धरून ठेवलं की शाळेतला एकही पाढा तसा धरला नव्हता.

आमच्या खेड्यातून रोहण्याच्या बाजाराला जायची जवळची वाट शेताशेतातून होती आणि तिच्यात अशा सात फटी होत्या. चारचौघं मिळून निघाले तर रीत अशी, की पुढचा फांदी काढतो आणि शेवटी येईल तो लावतो. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट, ती कोणी सांगत नसे. मला तर कोणी सांगितलीच नाही, कारण मी एकटाच जायचो. डोक्यावर वांग्यांची नाहीतर सांबाराची टोपली. (आमच्याकडं त्याला कोथिंबीर म्हणतात. पहिल्या महिन्यात त्यावरून मला सगळा बाजार हसला होता.) टोपली खाली ठेवायची, फांदी काढायची, टोपली पलीकडं न्यायची, फांदी लावायची, टोपली डोक्यावर घ्यायची. जाताना सात वेळा आणि येताना सात वेळा. येताना टोपली रिकामी असायची आणि ओलिताची वेळ गाठायची असायची, म्हणून मी पळत यायचो. अशी सहा वर्षं गेली. पळण्याचा सराव म्हणाल तर हाच.

सहाव्या वर्षी हिवाळ्यात, हरभऱ्याला घाटे धरले होते तेव्हा, बाजारात एक सायकलवाला भोंगा बांधून फिरला. तरुण मंडळानं दौड ठेवली होती. रोहण्याच्या मैदानापासून गाडीवाटेनं नदीपर्यंत जायचं आणि येताना आमच्या खेड्यावरून, शेतातल्या पायवाटेनं परत. भोंगेवाला पंचवीस किलोमीटर म्हणत होता, म्हातारी माणसं आठ कोस. बक्षिसाचं ऐकलं आणि माझ्या हातातला तराजू थांबला. कापसाच्या एका जिनिंगचे दिवाणजी पहिल्या येणाऱ्याला चौकीदारीवर घेणार होते. कायमची हजेरी आणि फाटकाजवळची एक खोली.

नोकरीपेक्षा मला ती खोली दिसू लागली. माझी आई तेव्हा बहिणीच्या सासरी राहत होती. तिला लिहिता येत नसे. दुसऱ्याच्या हातून आलेल्या पत्रात शेवटी नेहमी एकच ओळ असे, लेकीच्या दारी किती दिवस काढू. पंपाशेजारच्या झोपडीत मी तिला कुठं आणणार होतो? आणि काकाजींना जागा मागायची म्हणजे, त्यांनी दिलं ते मला पुरेना असं सांगितल्यासारखं वाटायचं. मी मागितली नाही.

सुट्टी मागायलासुद्धा मी तीन दिवस घालवले. चौथ्या दिवशी वांगी तोडताना तोंड उघडलं.

"काकाजी, रविवारी मी जरा..."

"दौडीत पळाले जातं. माहीत हाय मले. साऱ्या गावाले माहीत हाय, तूच नाई सांगून राह्यला."

"भाजीचं तोडणं राहील म्हणून..."

"भाजी काय पळून राह्यली का? पळून तर तू राह्यला. जाय बाप्पा!"

काकूंनी त्यांच्या बाहेरगावी असलेल्या लेकाचे जुने कापडी जोडे काढून दिले. ते मोठे होत होते म्हणून पुढं चिंधी कोंबली. कोंबता कोंबता, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पह्यला आला तर जाशील आमाले सोडून."

मी दुसऱ्या जोड्याची नाडी ओवू लागलो.

"जाजो," त्या म्हणाल्या. "पण मायले आणशील तं इकडं घेऊन येजो. भेटू तरी."

रविवारी मैदानावर वीस-पंचवीस जण होते. त्यात रोहण्याचाच एक उंच गडी, कबड्डी खेळणारा, सगळ्यांचा आवडता. त्यानं मला पाहिलं आणि ओरडला, "काय बे पाहुण्या, टोपली कुठं ठेवली? टोपलीबिगर तुले पळता येते का?"

सगळे हसले. मीही हसलो. तेवढं जमायचं मला.

जातानाचं मला फार आठवत नाही. गाडीवाटेवर धूळ होती, पुढच्यांच्या पायांनी उडालेली, आणि ती दातात करकरत होती. नदीवर एक मास्तर पलंगावर बसून प्रत्येकाच्या मनगटाला लाल दोरा बांधत होते, कुणी मधूनच परतू नये म्हणून. माझ्या पुढं चौघं होते. दोरा बांधून घेताना मी उभा राहिलो तेव्हा कळलं की पाय थरथरतायत. बसलो तर उठणार नाही असं वाटून पाणीही पुरतं प्यायलो नाही.

परतीला ऊन वर आलं होतं. नाल्याच्या चढावर दोघं बसलेले दिसले, एक ओकत होता. तिसऱ्याला मी आमच्या खेड्याच्या पांदणीत मागं टाकलं. त्या वाटेवरचा खड्डा न खड्डा माझ्या पायाला ठाऊक होता, डोळ्यांचं काम नव्हतं. उंच गडी गावाच्या कोपऱ्यावर गाठला. तो कमरेवर हात ठेवून चालत होता. मी बाजूनं गेलो तेव्हा त्यानं नुसतं पाहिलं, थट्टा करायला त्याच्याकडंही दम उरला नव्हता.

मग पहिली फट आली. आमचीच. काकाजी शेताच्या दुसऱ्या टोकाला पाण्याच्या मोटारीपाशी होते, ते मला दिसले नाहीत. मी फांदी काढली, पलीकडं गेलो, फांदी लावली आणि पळालो.

दुसरी फट, तिसरी, चौथी. प्रत्येक ठिकाणी तेच. मी ठरवून काही केलं नाही. इतका थकलो होतो की ठरवायला डोकं जागेवर नव्हतं, जी काही समज होती ती हातात होती. चौथ्या फटीवर एक काटा तळहातात मोडला. मागून त्या उंच गड्याचं ओरडणं ऐकू आलं, "अबे, उघडं ठेव ना बे!" मला वाटलं, तो कुणा गुराख्याला ओरडतोय. खरंच तसंच वाटलं. सातवी फांदी लावताना माझ्याच्यानं ती उचलवेना, गुडघ्यानं रेटून बसवली.

मैदानात मी पहिला आलो. कुणीतरी गळ्यात हार घातला. मी खाली बसलो आणि तांब्याभर पाणी अंगावरच सांडलं. दिवाणजी जवळच खुर्चीवर होते. त्यांच्याकडं बघून मी मनातल्या मनात आईची वळकटी त्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवलीसुद्धा.

तेवढ्यात उंच गडी आला. पोटरी ओरबाडलेली, रक्त जोड्यापर्यंत उतरलेलं.

"ह्यानं रस्त्यात काटे लावले!" तो आल्या आल्या ओरडला. "साती फटीत! मी काढून राह्यलो अन् हा पुढं लावत चालला! ही काय दौड झाली?"

मागून आलेल्या दोघांनीही तेच सांगितलं. गर्दी जमली. दिवाणजी खुर्चीतून उठले.

"लावले का रे?"

"हो," मी म्हणालो.

"काऊन?"

"लावायचे असतात."

लोक हसले. गर्दीतला एक म्हातारा पुढं झाला. चेष्टा म्हणून नव्हे, न्यायाचं म्हणून बोलला. "लावाचे असते हे खरं हाय, बाप्पा. पण लावते तो शेवटचा. तू तं सगळ्याच्या पुढं होता. मांगं लोक येऊन राह्यले हे तुले माहीत नव्हतं का?"

माहीत होतं. म्हणून तर मी पळत होतो. चार बुकं जास्त शिकलो असतो तर कदाचित काही मांडता आलं असतं. मंडळाच्या पोरांनी माझा हार काढून त्या उंच गड्याच्या गळ्यात घातला. त्यात कुणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या गावात काट्याची रीत न कळणारा माणूस नव्हता आणि रीतीप्रमाणे मी लबाडच ठरत होतो.

मी पायवाटेनंच परत निघालो. सातव्या फटीपाशी आलो, फांदी बाजूला पडलेली. सहावीचीही तशीच. माझ्यामागून आलेल्यांनी काढल्या त्या तशाच टाकल्या होत्या. शेवटचा कोण हे दौडीत कुणाला ठाऊक असणार? एकेक लावत आलो. आमच्या शेतात पाच-सहा गाई हरभऱ्यात शिरलेल्या आणि काकाजी एकटे काठी घेऊन धावतायत. मी तसाच आत घुसलो. अंगात काही उरलं नव्हतं तरी त्या गाईंमागं शेताला दोन फेऱ्या झाल्या.

गाई गेल्यावर शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसून मी सगळं सांगितलं. आता जायला सांगतील, असं धरूनच सांगितलं. ऐकता ऐकता काकाजींचे खांदे हलायला लागले आणि ते इतके हसले की टोपी पडली.

"म्हणजे तू लावत गेला, अन् ते काढत आले, अन् गाई हरभरा खाऊन गेल्या! बाप्पा रे बाप्पा! ना चौकीदारी, ना हरभरा!"

काकू हसल्या नाहीत. त्यांनी माझा हात उन्हाकडं धरला आणि सुईनं काटा उकरू लागल्या.

"हसता काऊन?" त्या काकाजींना म्हणाल्या. "सहा वर्स हा पोट्टा एकटाच चालून राह्यला. ह्याच्यासंगं मांगं-पुढं कोणी होतं का कधी? जो एकटा चालते, तोच पह्यला अन् तोच शेवटचा. म्याच तं सांगतलं होतं ह्याले, लावल्याबिगर पाय टाकू नोको."

काकाजींनी टोपी झटकली. काटा निघाला. काकूंनी तो दूर फेकला आणि विचारलं, "नौकरी कशाले पायजे होती तुले? आमचं काई चुकलं का?"

तेव्हा मला सांगावंच लागलं. आईचं, खोलीचं. सांगताना लाज वाटत होती, जणू चोरी पकडली गेली.

"इतकंच?" काकू म्हणाल्या. "अन् त्याच्यासाठी आठ कोस पळला? तोंड नाई का तुले?"

"घरामांगची सरकीची कोठी हाय," काकाजी म्हणाले. "आवराले दोन दिवस लागतीन. उंदरं लय हायेत, सांगून ठेवतो."

त्यांनी ती आवरायला आठवडा लावला, कारण काकूंना भिंती सारवून पाहिजे होत्या.

आई होळीनंतर आली. रोहण्याच्या स्टँडवर मी तिला उतरवून घेतलं. एक पेटी आणि एक वळकटी, दोन्ही मी डोक्यावर घेतली. पायवाटेनं निघालो. पहिल्या फटीपाशी सामान खाली ठेवलं, फांदी काढली, पलीकडं गेलो आणि सवयीनं फांदी ओढायला लागलो. आई अजून अलीकडंच होती.

"कामून लावायलास रं?" ती म्हणाली. "मला येऊ दे की आधी."

मी फांदी धरून बाजूला झालो. ती दोन दिवसांच्या प्रवासानं पार शिणली होती, लुगडं सावरत, काटे चुकवत हळूहळू आली. ती पुढं गेली, मग मी फांदी लावली. तिथून पुढं मीच शेवटचा होतो.