धारवाल्याची पोटरी

धार लावणाऱ्याला सगळे वारा म्हणत. खांद्यावर चाकाचा सांगाडा, ओठात सिगारेट, आणि चाल अशी की त्याची हाक ऐकून सुरी शोधायला आत गेलेली बाई बाहेर येईपर्यंत हा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. त्याचा बाप लंगडा होता. लंगड्या म्हणूनच जगला, लंगड्या म्हणूनच गेला. खरं नाव कुणाला आठवत नव्हतं. म्हणून वारा हे नाव मुलाला जिवापलीकडे प्यारं होतं.

दुखणं आलं ते चोरपावलांनी. चढाची गल्ली संपता संपता उजव्या पोटरीत कळ यायची, कुणी ओलं फडकं पिळावं तशी. थांबलं की पीळ सैल व्हायचा. चाललं की पुन्हा तेच. तो गुपचूप दूरच्या वस्तीतल्या एका डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टरने त्याला आडवं झोपवलं, गुडघा वाकवला, दाबला. आडव्या पायाला काय दुखणार? गुडघा झिजला असेल, असं म्हणून त्याने पट्टा दिला, मलम दिलं. वाऱ्याने पट्टा विजारीखाली लपवला आणि पुन्हा खांद्यावर चाक घेतलं.

पण वाऱ्याने थांबायचं तर काही कारण हवं. चढ संपतो तिथे शिवणकाम करणाऱ्या एका विधवेचं दार होतं. तिथे तो चाक उतरवायचा आणि कात्री मागायचा. रोज.

"परवाच तर लावलीत धार," ती म्हणायची.

"कापडाची कात्री लवकर बोथटते."

"अहो भाऊ, आता नुसती दाखवली तरी कापड फाटतंय."

समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता म्हणायचा, "बघा, वारा पडला. नेमका त्याच दारात पडतो." ते वाऱ्याच्या कानावर आलं, तेव्हा तो मिशीला पीळ देऊन हसला. बाईच्या नादी लागला म्हटलेलं त्याला चालत होतं. लंगड्याचा पोरगा लंगडा, हे चालणार नव्हतं.

विधवेची नजर मात्र वेगळीच होती. हा येतो, आधी भिंत धरतो, मग पोटरी धरतो. तोंड राखेसारखं होतं. थोड्या वेळाने रंग परततो आणि मग याला कात्री आठवते. हे तिने पूर्वी आपल्या घरात पाहिलं होतं.

"भाऊ, चाललं की दुखतं आणि थांबलं की जातं. असंच ना?" एकदा तिने विचारलं. "गुडघा नाही हा. पायाला रक्त पुरत नाही. माझ्या माणसाचं असंच सुरू झालं होतं. आधी पाय गेला, मग ते गेले. मोठ्या दवाखान्यात दाखवा."

"कात्री द्या," तो म्हणाला. "आणि हे कुठे बोलू नका."

तिने कात्री दिली, कुठे बोललीही नाही. पण पुढे पुढे तो चढ संपायच्या आतच भिंतीला टेकू लागला, मग चढाच्या पायथ्याशीच. तिला राहवेना. ती त्याच्या घरी गेली. त्याची बायको नळावर कपडे पिळत होती, शेजारच्या बायका भोवती होत्या, आणि तो उंबऱ्यात बसून चाकाला तेल देत होता.

"वहिनी, भाऊंचा पाय दाखवून घ्या. पोटरीत कळ येते त्यांच्या."

बायकोने कपडा बादलीत टाकला. "माझ्या नवऱ्याच्या पोटरीत काय होतं ते मला ठाऊक नाही. तुला बरं ठाऊक?"

बायका पदराआड हसल्या.

"अहो, ही म्हणते तुमचा पाय दुखतो. दुखतो का?"

विधवेने त्याच्याकडे पाहिलं. एक हुंकार पुरला असता. तो उठला, उजव्या पायावर भार दिला, आणि टाच जमिनीवर आपटूनही दाखवली.

"मला काय धाड भरलीय? पाय ठणठणीत आहे."

"मग हिच्या दारात रोज कशाला थांबता?"

त्यावर तो तेलाची चिंधी चोळत नुसता हसला. त्या हसण्यानेच विधवेचं वाटोळं केलं. बायकोने बादलीतलं साबणाचं पाणी तिच्या अंगावर ओतलं, ते तर उगाच वरचं.

मग तिच्याकडे कुणी कापड टाकेना. घरमालकाने खोली सोडायला सांगितलं. शिलाई मशीन हातगाडीवर घालून ती निघून गेली. धारेला घेतलेली तिची कात्री त्याच्या पिशवीतच राहिली. मागायलाही ती आली नाही.

आता चढावर थांबायला दार उरलं नाही. वारा ओठ चावत, न थांबता चढू लागला. एक दिवस बूट चावला, अंगठ्याला फोड आला. तो भरेना, काळा पडला. तेव्हा कुठे बायकोने त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बूट काढायला लावले. डाव्या पावलावर बोटं टेकली, मग उजव्या. उजव्यावर बोटं फार वेळ राहिली.

"इथे नाडी लागत नाही," त्या म्हणाल्या. "आधी आला असतात तर बरंच करता आलं असतं. सिगारेट सोडायची, गोळ्या घ्यायच्या, आणि चालायचं. कळ आली की थांबायचं, उतरली की पुन्हा चालायचं. थांबत थांबत चालणं हेच औषध होतं. कुणीच सांगितलं नाही तुम्हाला?"

त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने भिंतीकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

"नाही," तोही म्हणाला.

पाय गुडघ्याच्या वरून कापला.

आता चाक दारातच मांडलेलं असतं. तो स्टुलावर बसून पातं धरतो आणि बायको पायाने चाक फिरवते. न्हावी गिऱ्हाइकांना सांगतो, "सुरी ना? लंगड्याकडे टाका." ते नाव बापाकडून आलं, वेगळं ठेवावं लागलं नाही.

कधी कधी ऐन धारेत, ठिणग्या उडत असताना, बायको पाय काढून घेते. चाक मंदावतं, थांबतं.

"का गं थांबलीस?"

"पोटरीत कळ आली."

हे ती त्याच्याकडे न बघता म्हणते, आणि रस्त्याकडे पाहत बसून राहते. खरंच कळ आली की हा टोमणा, हे विचारायला त्याला तोंड नाही. तो पातं तसंच धरून बसतो, ती पुन्हा पाय ठेवीपर्यंत.