डब्याने सांगितलेला रस्ता

गेल्या वर्षी यांनी नागपूरहून एक बोलणारा डबा आणला. "साधी मशीन नाही, एआय हाय," हे सगळ्यांना सांगत. हाक मारली की उत्तर देतो, हा त्याचा मोठेपणा. सदतीस वर्षांच्या संसारात मी नेमकं तेच करत आले, पण मला कुणी बुद्धिमान म्हटल्याचं आठवत नाही.

आमच्या सानगडी गावात यांची ख्याती अशी, की धान कोणत्या व्यापाऱ्याला दिलं हे सख्ख्या भावालाही कळू द्यायचं नाही. तेच गृहस्थ आता बैठकीतल्या फळीवर उघडा कान ठेवून निवांत होते.

"हा दिवसभर ऐकूनच रायला, त्याचं काय?" मी विचारलं.

"मशीनच तं हाय. त्याले काय कराचं आपल्या गोष्टीचं?"

म्हणजे कौतुकापुरता एआय, चोरून ऐकण्यापुरती मशीन. दोन दिवसांनी माझ्या गुडघ्याचा विषय घरात निघाला आणि यांच्या मोबाइलवर गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती सुरू झाल्या. "योगायोग," हे म्हणाले. डावा गुडघा की उजवा, एवढंच काय ते योगायोगाला ठाऊक नव्हतं.

डब्याला आमची बोली कळेना. "आज पानी काहून येऊन नाही रायलं?" विचारलं की तो क्षमा मागे. मग हे ताठ उभे राहून "कृपया आजचे हवामान सांगावे" म्हणू लागले. माझ्या वाट्याला 'कृपया' कधी आलं नाही.

दिवाळीत माझ्या मोठ्या नणंदबाई आल्या. त्यांचं सासरचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं; आता त्या पुनर्वसनाच्या वसाहतीत राहतात.

"ताई, याले सगळं मालूम हाय. विचार काही," हे म्हणाले.

ताईंनी जुन्या गावाचा रस्ता विचारला. यांनी प्रश्न शुद्ध भाषेत करून दिला. डबा तत्परतेने म्हणाला, दीड तास लागेल, वाहतूक सुरळीत आहे.

यांनी मान खाली घातली. ताई मात्र पदर तोंडाला लावून डोळे भरेस्तोवर हसल्या. "वाहतूक कायची रे? मासोळ्या मारणाऱ्यायचे डोंगे चालून रायले तिथं!"

मग त्या आपल्या दारापासून तळ्यापर्यंतची वाट सांगू लागल्या. कुणाचं अंगण, कुठे वळायचं, कुणाचं कुत्रं अंगावर यायचं. मी हळूच उठून डब्याची वायर काढली. यांनी ते पाहिलं. हे ताईंजवळ सरकून बसले आणि म्हणाले, "मंग, त्याच्या पुढं कोनाचं घर होतं?"