कान कोणी पिळायचा?

मला भाऊ नव्हता. थोरली बहीण होती, आणि कळायला लागल्यापासून मी तिच्यावर जळत आले. आमचं गाव धसईजवळ. लावणीला मी आई-काकूंबरोबर कंबर मोडून चिखलात, आणि ही बाबांसोबत बैलांमागे. बाईमाणसानं नांगर धरू नये म्हणून गाव ओरडायचं, बाबा म्हणायचे, "तिचा हात बसलाय, धरू दे." म्हशाच्या जत्रेला बैल बघायलाही तिलाच न्यायचे. मी घरी वाळत घातलेल्या भातावरच्या कोंबड्या हाकत बसायचे. मेलं, असं काय होतं तिच्यात?

पुढे बाबा गेले. दोन हजार सालानंतरची गोष्ट, माझं लग्न ठरलं, शहापूरचं स्थळ. त्याच महिन्यात ताईनं आईला नि मला चुलीपुढे बसवून सांगितलं, "आई, मी बाई नाय. लहानपणापासून नाय. मला तुझा मुलगा म्हण." केस सकाळीच कापून झाले होते. आई उठून गोठ्यात गेली ती महिनाभर त्याच्याशी बोललीच नाही. मी त्या दिवसापासून दादा म्हणायला लागले, पण नुसतं तोंडानं. आत धुमसत होते. आयुष्यात एकदा सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं, तर तेही यानं पळवलं!

त्यात कानपिळी. लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. माझ्यासाठी चुलतभाऊ ठरला होता. दादा म्हणाला, "सख्खा असताना चुलत कशाला गो?" केवढ्या आशेनं म्हणाला! आईनं मात्र माझ्याच तोंडून निरोप दिला, त्यानं मांडवात यायचं नाही.

"तू शिकलेली हायस, तूच समजाव तिला," तो म्हणाला. मी मुरबाडला शाळेत विज्ञान शिकवायचे. या विषयावर एका मासिकात थोडं वाचलेलंही होतं. आई भाकऱ्या थापत होती तेव्हा सांगायला बसले. "आई, आपण बाई की बाप्या, हे ज्याचं त्याला आतून कळतं. ते कळणं मेंदूत असतं. जन्माच्या आधीच त्याची घडण सुरू होत असावी म्हणतात. शास्त्रज्ञांनाही अजून सगळं उलगडलेलं नाय."

आईचा हात थांबला. "म्हंजे डोक्याचा आजार?"

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? आजार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी गप्प बसले. आजारी माणूस मांडवात नसला तर कोण विचारतंय!

दुसऱ्या दिवशी आई त्याला घेऊन पहिल्या एसटीनं कल्याणला गेली, डोक्याचा फोटो काढायला. मला टायफॉइड झाला तेव्हा मुरबाडच्या पुढे नेलं नव्हतं बाईनं! आणि तो तरी कसा गेला? महिन्यानं आई त्याच्याशी बोलली होती, "चल" एवढंच. तेवढ्यावर गेला. स्टँडवर तिनं त्याला भजी खायला घातली, हे कळलं तेव्हा तेही मला झोंबलं.

संध्याकाळी दोघं परतली. आई ओटीवर बसली, फोटोचं पाकीट मांडीवर. "डॉक्टर बोलला, डोक्यात काय पन बिघाड नाय." मला वाटलं, आता दादाची शोभा होणार. मग ही नाटकं कशाला, असं ती विचारणार.

"डोकं चांगलं हाय, म्हंजे तो येडेपनानं बोलत नाय," आई म्हणाली. "खरंच बोलत असंल. कान तोच पिळंल. काकाला सांगून ये."

असल्या फोटोत बाई की बाप्या हे काही दिसत नसतं, हे मला माहीत होतं. तेही मी सांगितलं नाही. दादा खांबाला टेकून हमसून हमसून रडत होता.

आई माझ्याकडे वळली. "आजार नाय, ह्ये ठावं व्हतं ना गो तुला?"

"नाय," मी म्हटलं.

मांडवात दादानं नवऱ्याचा कान असा पिळला की वऱ्हाडी पोट धरून हसले. आई त्याच्याकडेच बघत होती, डोळे भरून. माझ्याच लग्नात! पाठवणीच्या वेळी तिनं मला जवळ घेतलं आणि कानाशी म्हणाली, "तू मुद्दाम गप बसलीस, ते त्याला सांगितलं नाय मी."

मला रडू फुटलं. दादा धावत आला आणि माझे डोळे पुसायला लागला.