धुरपतामायची शेळी

माझ्या लेकीचं बारसं अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये झालं.
कारण शेळीला वर येऊ देईनात.

ती शेळी आणणारी आमची धुरपतामाय गेली, त्याला आज वर्ष झालं.

माय माझ्या नात्यातली नाही. हट्ट्याजवळचं आमचं गाव, आणि गावातल्या शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरातली ही बाई.

गावात कुणाच्या घरी पाळणा हलला की माय एक पाट घेऊन दारात हजर. पाट म्हणजे शेळीचं मादी पिल्लू.
"ही लेकराची हाये. तुमची न्हाई," एवढं बजावून खुंट्याला बांधायची.

पाट मोठं होऊन दुभतं झालं की दूध घरातच राहायचं. आईला आणि लेकराला. हॉटेलात घालायचं नाही.
आणि त्या शेळीला पहिलं पाट झालं की ते पुढच्या पाळण्याला द्यायचं.

मी लहान असल्यापासून हे चाललंय. माझ्या वाट्याची शेळी मी पाहिलीय, लई मारकी होती.

शेळीला पाला मात्र बापानंच आणायचा. आजोबांनी नाही, गड्यानं नाही.
त्यामुळे आमच्या गावातले भले भले मिशीवाले संध्याकाळी सुबाभळीचे डहाळे खांद्यावर टाकून घरी येताना दिसायचे. पारावर बसलेले चिडवायचे. पुढच्या वर्षी चिडवणाराच डहाळे घेऊन!

माय आठवड्याला चक्कर मारायची. म्हणायची, शेळी बघायला आले.
शेळीकडे एक नजर. मग तासभर लेकराला मांडीवर घेऊन बसायची. बाळंतीण जेवली का, सासू नीट बोलते का, लेकरू उपडं पडतं का, सगळं शेळीच्या निमित्तानं काढून घ्यायची.

नातवासाठी नवस बोललेल्या सासवा गोठ्यात मात्र हात जोडून उभ्या. "देवा, पाट होऊ दे!"

माझ्या काकांनी एकदा पाटाच्या जागी बोकडच गोणपाटात गुंडाळून पाठवला होता. मायनं गोणपाट उघडलं, बघितलं, आणि भर गल्लीत विचारलं,
"तात्या, याला दूध कवा येईल, ते बी सांग की."
काका दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत.

तर माझं बारसं. म्हणजे माझ्या लेकीचं, स्वराचं.
आम्ही वसमतला, दुसऱ्या मजल्यावर. मला वाटलं, फ्लॅट बघून माय आम्हाला सोडून देईल.
माय टमटममधून उतरली. काखेत पाट.

वॉचमन म्हणाला, "मावशी, बकरी ऊपर नहीं जाएगी."
"मंग लेकरू खाली येईल. त्यात काय तकलीफ हाये?"

पाळणा खाली आला. बायका खाली आल्या. गाड्या बाजूला काढून सेक्रेटरीसाहेबांनी स्वतः सतरंजी अंथरली. पाटाच्या कानाला बाळाची मूठ लावली आणि नाव ठेवलं. इतकं मी आयुष्यात कधी हसले नव्हते.

शेळी माझ्या भावाकडे गावी राहिली. पण नियम तो नियम.
"जावईबापू, पाला?"
माझा नवरा जन्मानं शहरातला. तेव्हापासून दर रविवारी बाइकला डहाळे बांधून गावी. स्वरा बसायला लागली तशी पुढे टाकीवर तीही.

आमच्या शेळीला आधी बोकडच झाले. माय खो खो हसायची. "तुही शेळी तं वंशाचे दिवेच लावून राहिली गं!"

पाट बघायला ती राहिली नाही.

ती गेल्यावर गावात एकानं आपल्या शेळीचं पाट बाजारात नेऊन विकलं. "माय न्हाई आता, कोण इचारतंय?"
ते पाट गावातल्याच सुनीताच्या बाळाला जायचं होतं. सुनीताचं बाळ तसंच राहिलं. शेळी नाही, आणि शेळीच्या निमित्तानं येणारंही कुणी नाही. मला फार लागलं ते.

मग दिवाळीत आमच्या शेळीला पाट झालं.
स्वरानं नाव ठेवलं चिंगी. आणि जाहीर केलं, "चिंगी माझी हाय. मी कुणाला न्हाई देणार."

आता चार वर्षांच्या पोरीला काय सांगू? आणि नाही दिलं तर मायनं इतकी वर्षं चालवलेलं सगळं माझ्याच दारात थांबणार.
तिला पार्किंगमधला फोटो दाखवला. माय, पाळणा, पाट.
तिनं विचारलं, "ही कुणाची चिंगी होती?"
"दुसऱ्या एका बाळाच्या घरची. त्यांनी तुला दिली."
बराच वेळ फोटो बघत बसली. रडली पण.

आज सकाळी सुनीताच्या दारात गेलो. दोरी स्वराच्या हातात. मला धाकधूक, ऐनवेळी भोकाड पसरते की काय.

ती सरळ सुनीताच्या नवऱ्यापुढे गेली. दोरी दिली. कमरेवर हात ठेवून म्हणाली,
"ही लेकराची हाये. तुमची न्हाई. पाला बापानंच आणायचा."

डिट्टो माय! सगळा वाडा हसला, आणि सुनीताची सासू डोळ्याला पदर लावून हसली.

गर्दीत मागे तो पाट विकणारा उभा होता. खाली मान घालून म्हणाला, "आमची गाभण हाये. पुढच्या पाळण्याला आमचं."

माय, चिंगी पोचली.
पाला आणायला बाप निघालाय.
तू आता निवांत बस. तुला आम्हा सगळ्या लेकरांचा नमस्कार.